सड्यावरच्या बाई आणि अंकीचा अर्ज

सड्यावरच्या बाईंइतकं वेडं माणूस उभ्या रत्नागिरी तालुक्यात झालेलं नाही आणि होणारही नाही, कारण एवढं वेड अंगी यायला फार शिकावं लागतं. आता सगळं पार पडलं आहे, नात मार्गी लागली आहे, छातीवरचा धोंडा उतरला आहे, म्हणून बाईंबद्दल मोकळेपणाने लिहायला हरकत नाही. मधला सव्वा महिना मात्र त्यांचं नाव निघालं तरी मी विषय बदलायचे.

आमचं गाव गणपतीपुळ्याच्या रस्त्यापासून थोडं आत. गाव खाली माडांत, आणि गावाच्या डोक्यावर सडा. सडा म्हणजे मैलभर नुसता जांभ्याचा कातळ. उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो, पावसाळ्यात त्यावर बोटभर माती, डबकी आणि इवली इवली फुलं. आम्ही वर जातो ते गवताला, नाहीतर फोनला नेट मिळावं म्हणून. चार वर्षांमागे या बाई आमच्या ओटीवर येऊन उभ्या राहिल्या आणि भाड्याने खोली मागू लागल्या. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "खरं म्हणजे मला तुमच्या सड्यावरच राहायचं आहे, पण तिथे छप्पर नाही." वय पन्नाशीच्या पुढे, केस पुरुषासारखे कापलेले, विजारीला नऊ खिसे. नऊ म्हणजे नऊ, मी ती विजार धुतलेली आहे. एका खिशात भिंग, एकात दोरीचं भेंडोळं, एकात पेन्सिली, आणि बाकीच्या सगळ्या खिशांत कागदाची बोटाएवढी पाकिटं. रुमाल कुठल्याच खिशात नाही. नाक त्या बाहीला पुसायच्या, एवढ्या मोठ्या विद्यापीठात शिकवून.

त्यांचं काम काय, हे समजायला मला एक अख्खा पावसाळा लागला. कुठलं झाड कुठे उगवतं, तिथेच का उगवतं आणि शेजारी हातभर जागा मोकळी असून तिथे का उगवत नाही, हे त्या शोधतात. मी म्हटलं, "बाई, त्यात शोधायचं काय? जिथे बी पडलं तिथे उगवलं." दुसरा कुणी शिकलेला असता तर हसला असता. बाईंनी वही काढली, माझं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि पेन्सिल कानाला लावून विचारलं, "मग काकी, बाकीचं बी कुठे गेलं?"  त्या रात्रभर जाग्या होत्या की नाही ठाऊक नाही, मी मात्र अंथरुणात तळमळत होते. सत्तर वर्षं बी पेरलेल्या बाईला बाकीचं बी कुठे गेलं ते सांगता येऊ नये, याचा मला राग आला होता.

सड्यावर बाई उभ्या फारशा नसतातच. पोटावर पडलेल्या असतात. नाक मातीला लावून, भिंग डोळ्याला लावून, पाठीवर पाऊस घेत तासन् तास. पहिल्याच वर्षी गुरं चारायला गेलेल्या एकाने त्यांना तसं पाहिलं आणि खाली येऊन सांगितलं की शहरातली बाई कातळावर मरून पडली आहे. पोलीस पाटील चार माणसं आणि एक चादर घेऊन वर गेले. जवळ पोचतात तोच जमिनीवरून एक हात वर आला. "तिकडून नका येऊ. तिथे फुललंय." सगळे जागच्या जागी थबकले. मग बाईंनी बोटाने वाट दाखवली, या दगडावर पाय, मग त्या दगडावर, आणि पाचही जण लंगडी खेळल्यासारखे उड्या मारत त्यांच्यापर्यंत पोचले. तोवर त्यांची मोजणी अर्धी झाली होती. ती पुरी होईपर्यंत पाटील चादर धरून उभे होते. शेवटी त्या चादरीचा बाईंनी पावसात आडोसा करायला लावला.

चालण्याचीही तीच तऱ्हा. आम्ही सडा वीस मिनिटांत ओलांडतो, बाईंना दोन तास लागतात, कारण फुलावर पाय द्यायचा नाही. माणसांच्या पायावर मात्र त्या खुशाल देतात. भेटलं माणूस की आधी त्याच्या तोंडाकडे बघायचं सोडून त्याच्या पायाकडे, धोतराकडे, लुगड्याकडे बघतात. एकदा मी गवताचा भारा घेऊन उतरत होते. ओझं डोक्यावर, मान आखडलेली, आणि बाई वाटेत आडव्या. "काकी, हलू नका." मला वाटलं जनावर आहे पायाशी. मी गोठले. बाई खाली बसल्या आणि माझ्या लुगड्याच्या काठाला चिकटलेली कुसळं एक एक करून वेचायला लागल्या. चौदा निघाली. ती पाकिटात घातली, वर तारीख घातली, माझं नाव घातलं आणि मगच मला वाट दिली. भाऱ्याला हात लावायचं मात्र सुचलं नाही.

त्यांनी सड्यावर नऊ चौकोन आखले होते. हात-दीड हात लांबरुंद, चार कोपऱ्यांना चार रंगवलेले दगड आणि भोवती पांढरी दोरी. दर वर्षी त्या चौकोनांत काय उगवलं, किती उगवलं, ते काडी न् काडी मोजायचं. पण पहिल्या वर्षी दगड रंगवायला बाईंनी नेमका शेंदरी रंग आणला. आठवड्याने वर जाऊन बघतात तर नऊपैकी सहा चौकोनांवर झेंडूची फुलं, दोन ठिकाणी नारळ, आणि एका ठिकाणी वाडीतली एक सून हात जोडून बसलेली. बाईंनी तिला उठवलं नाही. तिचं झाल्यावर वहीत लिहिलं, "झेंडू, बाहेरून आलेला," आणि दुसऱ्या दिवशी रत्नागिरीहून निळा रंग आणून सगळे दगड पुन्हा रंगवले. नारळ मला आणून दिले. मी खोबरं करून टाकलं.

जेवायला त्या माझ्याकडेच. काय वाढलं आहे याची दाद त्यांना कधी नसायची. एकदा ताजे बांगडे मिळाले म्हणून मी तिरफळं घालून झणझणीत आमटी केली. बाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि मला वाटलं आता तरी काही बोलतील. तोंडातलं तिरफळ बोटाने बाहेर काढलं, पाण्याने धुतलं, भिंगाखाली धरलं आणि विचारलं, "हे झाड कुणाच्या आवारातलं?" मी सांगितलं. त्या ताटावरून उठून झाड बघायला गेल्या. बांगडा मांजराने खाल्ला. मांजराला त्याची कदर होती.

तर अशा या बाई. आणि माझ्या नातीला त्यांच्याच हाताखाली पीएचडी करायची होती.

नात म्हणजे अंकिता, आमची अंकी. आईबाप मुंबईला, दहा बाय दहाच्या खोलीत. म्हणून ती पाचवीपासून माझ्याकडे वाढली. रत्नागिरीच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्रात एमएस्सी झाली, नंतर विद्यापीठाची परीक्षाही पास झाली. पण या शिक्षणात असं असतं की परीक्षा पास होऊन भागत नाही. शेवटी एका शिक्षकाने 'ही माझ्याकडे' असं म्हणावं लागतं, नाहीतर पास झालेलं फुकट. बाई वर्षाला एकच विद्यार्थी घेतात, एखाद्या वर्षी तोही नाही. त्या वर्षी पाच अर्ज होते.

गौरी-गणपतीला माझा मुलगा सुरेश, म्हणजे अंकीचा बाप, मुंबईहून आला. तो येतानाच स्थळ घेऊन आला होता. संगमेश्वरकडची माणसं, मुलगा मुंबईत कामाला, पसंती जवळजवळ झालेली.

"आये, पोरगी तेविसाची झाली," तो म्हणाला. "गवत मोजून कुणाचं पोट भरतं?"

"बाईंचं भरतं."

"बाईंचं सांगू नको. त्यांना पुढे-मागे कोण हाय?"

"कोण नाय, म्हणून तर सुखाने जेवतात."

"तू चेष्टा नको करू. दसऱ्यापर्यंत तिच्या बाईंचं 'हो' आलं तर खुशाल जाऊ दे. नाय आलं तर दसऱ्याला ती माणसं घरी येतील, आणि मग मी कुणाचं ऐकणार नाय."

अंकी दारामागे उभी होती.  रडली असती तर बरं झालं असतं, मला रागावता आलं असतं. ती मागल्या दारी गेली आणि स्वच्छ घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. तेव्हा मला समजलं की हे तिला किती हवं आहे.

मी मला जमेल तो वशिला लावला. घावणे केले, सांदणं केली, कोंबडी कापली. बाईंनी सगळं खाल्लं आणि हात धुताना म्हणाल्या, "काकी, मी तुमच्याकडे जेवते म्हणून अंकिताला घेणार नाही. आणि तुमच्याकडे जेवते म्हणून नाकारणारही नाही. तेव्हा उद्या पिठलं करा." त्यांना दाद नव्हती असं मी मघाशी म्हटलं, पण लक्ष नव्हतं असं नाही.

त्यांची अर्ज घ्यायची रीतही जगावेगळी. गुणांचे कागद त्या बघतच नाहीत. अंकीने आधी कॉम्प्युटरवर दोन पानांचा देखणा अर्ज लिहून दिला होता. लहानपणापासून निसर्गाची ओढ, झाडांविषयी प्रेम, वगैरे. बाईंनी तो परत दिला, समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, "खोटं आहे. मी हिला चार वर्षं ओळखते. पहिली दोन वर्षं ही सडा चढायची ती फोनवर सिनेमा बघायला." हे अगदी खरं होतं. मग त्यांनी सांगितलं, तुला काय येतं ते लिहू नकोस, काय येत नाही ते लिही. अंकीने एक पान लिहिलं. बाईंनी विचारलं, "एवढंच येत नाही? मग माझ्याकडे कशाला येतेस?" अंकी दोन दिवस धुसफुसली आणि मग बसून अकरा पानं लिहिली. मी पानं बघून म्हटलं, "एवढी ढ आहेस हे मला म्हायती नव्हतं गो." ती म्हणाली, "मला पण नव्हतं, आजी." पण ती पानं बाईंनी परत केली नाहीत, ठेवून घेतली.

दुसरी परीक्षा म्हणजे सड्यावर एका डबक्याकाठी सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंत बसायचं. वही नाही, फोन नाही. बसायचं आणि बघायचं. एक मुलगा आला होता, विद्यापीठातून पहिला आलेला. अकरा वाजता खाली उतरला आणि म्हणाला, वर बसायला काही नाही. बाईंनी त्याला चहा दिला आणि एसटीच्या वेळा सांगितल्या. अंकी चारपर्यंत बसली, पण ती या गावची, तिला कातळाची सवय. बाईंनी ते धरलंच नाही. "घरच्या माणसाला घर बघायला बसवलं तर त्यात काय," एवढंच म्हणाल्या.

शेवटची पायरी राहिली होती. बाईंच्या विद्यापीठातली तीन मोठी माणसं त्यांचं काम बघायला येणार होती आणि त्याच फेरीत सड्यावरच अंकीशी बोलणार होती. हे मला आदल्या संध्याकाळी समजलं. सकाळी बाई आणि अंकी पाहुण्यांना आणायला रत्नागिरी स्टेशनवर जाणार, दुपारपर्यंत परत.

आता पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्याकडे काय करतात? ओटी झाडतात, दाराशी रांगोळी काढतात, पसारा आवरतात. घर मी आदल्या रात्रीच आवरलं होतं. पण पाहुणे घर बघायला येत नव्हते, चौकोन बघायला येत होते. आणि चौकोनांची अवस्था मी पाहिली होती. चांगलं थोडं, रान फार. सीतेची आसवं म्हणतात ती निळी फुलं, कुठे गेंदाची पांढरी बोंडं, आणि त्यांच्यामध्ये बारीकसारीक तणाची नुसती गर्दी. मला वाटलं, बाई एकटीच बाई, त्यांना घरचं आवरायची अक्कल नाही, तर दारचं काय आवरणार. मोठी माणसं येतील आणि म्हणतील, हिला चार वर्षांत तण काढता आलं नाही. हिच्याकडे पोरगी कशाला द्यायची?

गाडी वळणाआड गेली तशी मी विळा आणि खराटा घेऊन वर गेले. पाऊस उघडला होता. एक एक चौकोन धरला आणि भाताची बेणणी करतात तसा बेणला. तण सगळं मुळासकट काढलं, फुलं तेवढी ठेवली. खडे वेचले. दगड पुसले, दोरी ताणून बांधली. भोवती खराटा फिरवला आणि चार बोटं रांगोळी ओढली. तीन चौकोन झाले आणि गुडघ्यांनी नकार दिला. उरलेले सहा तसेच राहिले, याची मला लाज वाटली. खाली येऊन मी लुगडं बदललं आणि पाहुण्यांची वाट बघत बसले.

दुपारी सगळे वर गेले. मीही मागून गेले, कौतुक ऐकायला. पाहुण्यांतले एक गृहस्थ उंच, पायात पांढरे बूट, ते पुढे होते. पहिल्या चौकोनापाशी ते थांबले आणि म्हणाले, "हा कुठला प्रयोग? आधीच्या अहवालात याचा उल्लेख नाही."

 मी पुढे होऊन सांगितलं, "प्रयोग नाय हो. मी साफ केलंय. तिन्ही मीच केले."

बाई गुडघ्यांवर बसल्या. मोकळ्या मातीला त्यांनी तळवा लावला, ताप बघावा तसा. अंकीकडे बघितलं तर पोरीच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. तेव्हा माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. बाई जे तण मोजत होत्या तेच तण मी काढलं होतं. चार वर्षांचं काम, आणि नातीचं पुढचं आयुष्य, दोन्ही मी एका सकाळी झाडून टाकलं होतं.  इतक्यात बाईंनी मान वर केली आणि शांतपणे विचारलं, "काकी, रांगोळी दगडाची की तांदळाच्या पिठाची?"

"दगडाची."

"बरं झालं. पिठाला मुंग्या आल्या असत्या." आणि वहीत लिहिलं.

पांढऱ्या बुटांचे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे हे तीन चौकोन गेले."

"हो," बाई म्हणाल्या. "गेले ते गेलेच."

आणि मग अंकी बोलली.  "आजी, काढलेलं कुठे टाकलंस?"

आता इथे माझ्या सासूचे उपकार मानायला हवेत. ती बाई जन्मभर माझ्याशी गोड बोलली नाही, पण बेणणीची शिस्त तिने मला काठी घेऊन शिकवली होती. एका खाचरातलं तण दुसऱ्या खाचराच्या बांधावर टाकायचं नाही, कारण त्याचं बी तिकडे जातं. ज्याचं त्याच्या उशाला ठेवायचं. हात आपोआप तेच करतात. तिन्ही चौकोनांचे तीन ढीग दगडांमागे नीट रचलेले होते, मुळं एका बाजूला, शेंडे एका बाजूला. मी बोट दाखवलं.

अंकीने पाहुण्यांकडे बघितलं नाही, बाईंकडेही नाही. ओढणी काढून कातळावर पसरली, पहिला ढीग त्यावर घेतला आणि मांडी घालून काडी काडी वेगळी करायला लागली. ही या जातीची, ही त्या जातीची, पाच पाचाच्या ओळी. थोड्या वेळाने बाई तिच्यासमोर येऊन बसल्या आणि वही उघडून लिहायला लागल्या. पाहुणे आधी उभे होते, मग एक एक करून टेकले. पांढरे बूट काढून ठेवावे लागले. दोन तास कुणी चहासुद्धा मागितला नाही. मी जन्मात इतकी माणसं इतका वेळ गवताशेजारी गप्प बसलेली पाहिली नाहीत, आणि त्यात एकही म्हैस नव्हती.

दुसऱ्या ढिगाशी अंकी अडली. दोन रोपटी हातात घेऊन बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मागल्या वर्षी तुम्ही ही एकच जात धरली होती. ह्या दोन आहेत."

"एकच आहे," बाई म्हणाल्या. "पान सारखं, बोंड सारखं."

"वर सारखं आहे. खाली नाही. हिचं मूळ झुबक्याचं आहे, हिला कांदा आहे. न उपटता मोजलं तर समजणारच नाही."

बाईंनी दोन्ही रोपटी घेतली. भिंग लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. पांढऱ्या बुटांच्या गृहस्थांनीही भिंग मागितलं, पण बाईंनी दिलं नाही. मग बाईंनी वहीची मागली पानं उलटली आणि स्वतःच्याच जुन्या अक्षरावर पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली. "चार वर्षं मी चुकत होते," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की जणू कुणी त्यांना सोन्याचा हार घातला होता. स्वतःची चूक सापडल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. आमच्याकडे लोक चूक सापडली की आधी दुसऱ्याचं नाव घेतात.

मला वाटलं, झालं, आता 'हो' म्हणतील. पण बाई ती बाई. पाहुणे गेल्यावर त्यांनी मला ओटीवर बसवलं, वही पुढे केली आणि म्हणाल्या, "वाचा, आणि बरोबर असेल तर सही करा." लिहिलं होतं, 'चौकोन एक ते तीन यंदा बाद. कारण, पाहुणे येणार म्हणून काकींनी बेणले.' मी दोनदा वाचलं. चौथीनंतर कुणी मला काही वाचून सही करायला सांगितलं नव्हतं, कागदावर बोट ठेवून 'इथे अंगठा' एवढंच म्हणायचे. मी म्हटलं, "रांगोळी दगडाची होती, ते पण लिहा." त्यांनी लिहिलं. मी सही केली. मग धीर करून म्हटलं, "बाई, चूक माझी. पोरीला याची शिक्षा नको."

"चुकीचा आणि अर्जाचा संबंध नाही, काकी," त्या म्हणाल्या. "पाचही जणांचं वाचून मग कळवीन." आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

पुढचे दिवस कसे गेले ते मला विचारू नये. बाई विद्यापीठात परत गेल्या. सुरेशचा एक दिवसाआड फोन. "काय गो आये, आलं का बाईंचं?" मी म्हणायचे, "येईल." तो म्हणायचा, "त्या माणसांनी कापड घेतलंय." मी दुपारी जेवायला बसायचे आणि भात म्हशीला घालायचे. अंकी कामं करायची आणि फोन वाजला की हातातलं खाली ठेवण्याआधी एकदा माझ्याकडे बघायची. तसं बघणं नको वाटायचं.

दसरा दोन दिवसांवर असताना ती सड्यावरून धावत खाली आली. तेराव्या वर्षानंतर मी तिला धावताना पाहिलं नव्हतं. दारात येऊन तिने फोन माझ्यापुढे धरला. मला चष्मा सापडेना. शेवटी तिनेच वाचून दाखवलं. बाईंचा निरोप ओळभर होता. 'अंकिताला घेते. येताना सड्यावरचं ते कांदा असलेलं एक रोप काढून कुंडीतून आण. वाटेत मरू देऊ नकोस.' अभिनंदन नाही, आशीर्वाद नाही. मी खाली बसले, तिथेच, उंबऱ्यावर.  सव्वा महिना अंगात जे धरून ठेवलं होतं ते सुटलं आणि मला एकदम भूक लागली. सकाळची पेज होती ती मी टोपातूनच खाल्ली. अंकी म्हणाली, "आजी, ताट तरी घे." मी म्हटलं, "तू त्या रोपाचं बघ."

सुरेशला मीच फोन केला.  त्याने विचारलं, "किती वर्षं लागतील?"

"पाच."

"पाच वर्षं गवत?"

"पाच वर्षं गवत," मी म्हटलं. "आणि त्या माणसांना सांग, कापड ठेवा, सुनेला चांगलं दिसेल, सून दुसरी बघा."

तो हसला. हसेल असं मला वाटलं नव्हतं. बापच तो, त्यालाही आतून बरंच वाटलं असणार.

दिवाळीनंतर अंकी गेली. मांडीवर कुंडी घेऊन बसली होती गाडीत, माझ्याकडे बघून हात हलवायलाही हात मोकळा नव्हता. मी काही रडले-बिडले नाही. घरी आले, तिच्या अंथरुणाची घडी केली, आणि बरं वाटलं. अजूनही बरंच वाटतं. पोरगी सुटली, मी सुटले, जे व्हायला हवं होतं ते झालं.

आता दर रविवारी सकाळी बाईंचा फोन येतो. अंकी आठवड्यात कधीही करते, धावत-पळत, जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवते. बाई मात्र रविवारी, आणि त्यांना माझी खुशाली नको असते. मोठ्या डबक्यात पाणी किती बोटं राहिलं, वरचं गवत पिवळं पडलं का, गुरं कुठवर जातात. मी आदल्या दिवशी काठी टेकत वर जाऊन सगळं बघून ठेवते, कारण अंदाजे सांगितलेलं त्यांना लगेच समजतं. उत्तर माझ्या जिभेवर तयार असतं. पण मागून अंकीचा आवाज येत असतो. ती कुणाशी तरी वाद घालत असते, नाहीतर पाकिटांवर तारखा वाचून दाखवत असते, नाहीतर कशाला तरी हसते. इथे कधी ती असं मोठ्याने हसली नव्हती. म्हणून मी बाईंना म्हणते, "थांबा हां, जरा आठवून सांगते." बाई थांबतात. त्यांना घाई नसते, आणि त्या विचारतही नाहीत.